निवलेल्या ज्वालामुखींच्या रानात : वाचकांचे प्रश्न

मेक्सिकोच्या उत्तर टोकाला, अमेरिकेच्या सरहद्दीला चिकटून ‘एल पिनाकाते’ नावाचं संरक्षित वाळवंट आहे. तिथं जानेवारीत भाचा आणि भाचेसुनेबरोबर चार दिवस पायपीट केली, आणि मागच्या अंकात त्यावर दोन पानं लिहिली. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, तेव्हा वर्गात हात वर करायला सांगून सांगून घसा बसायचा, आणि आता निवृत्त झाल्यावर शंका सुचताहेत! एका पत्रात तर प्रश्नच नाही, ‘बाई, मी ब्याण्णवच्या बॅचचा’ एवढंच लिहिलंय. बाळ, अक्षर ओळखलं. नकाशा भरताना अरबी समुद्र पूर्वेला काढणारा तूच ना?

बाकीच्यांपैकी सात पत्रं घेतली आहेत.

ज्वालामुखीत फिरायला जायचं म्हटल्यावर घरचे परवानगीच देणार नाहीत. ‘मृत’ म्हणजे खरंच मेलेला, की झोपलेला? आपण वर असतानाच जागा झाला तर?
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, इचलकरंजी)

मागच्या लेखात मी सरसकट ‘मृत’ लिहिलं, तो माझा आळस. नीट सांगते.

पिनाकातेत लहानमोठे चारशेच्या वर शंकू आहेत. त्यातला जवळजवळ प्रत्येक जण आयुष्यात एकदाच पेटलेला. आतला लाव्हा निवला, नळी आतल्या आत थिजली, की ते तोंड कायमचं बंद. पुढच्या खेपेला लाव्हा दुसरीकडून वाट काढतो. आपल्याकडं एक बोअर आटलं की शेताच्या दुसऱ्या कोपऱ्यात पॉइंट बघतात, तसंच. त्यामुळं तू ज्या डोंगरावर चढशील तो मेलेलाच आहे, पण आख्ख्या रानाला मेलेलं म्हणता येत नाही. तिथला सगळ्यात ताजा लाव्हा बारा-तेरा हजार वर्षांपूर्वीचा मानतात, आणि पृथ्वीच्या हिशेबात ती कालची गोष्ट. म्हणून युनेस्को या भागाला ‘निद्रिस्त’च म्हणतं.

असला शंकू जन्मताना माणसांनी पाहिलेलाही आहे. याच मेक्सिकोत, पण पिनाकातेपासून फार लांब दक्षिणेला, १९४३ साली एका शेतकऱ्याच्या मक्याच्या रानात जमीन फाटली आणि पारिकुतिन नावाचा डोंगर उगवला. नऊ वर्षं धगधगला, १९५२ मध्ये गप्प झाला, तो आजतागायत गप्पच आहे.

घरच्यांना एवढंच सांग की तिथं माणूस लाव्हानं मरत नाही, तहानेनं मरतो. ते ऐकून ते आणखी घाबरतील, पण निदान बरोबर गोष्टीला घाबरतील.

आमच्या लहानपणापासून ऐकत आलोय की जोतिबाचा डोंगर हा जुना ज्वालामुखी आहे. आकारही तसाच दिसतो. मग ज्वालामुखी बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?
(एक वाचक, वडणगे)

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न खोचक आहे, आणि मला तो आवडला.

जोतिबाचा डोंगर ज्वालामुखी नाही. लाव्हाचा आहे, पण ज्वालामुखी नाही. हा फरक मी फळ्यावर पन्नास वेळा समजावला, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला तो एकोणसाठाव्या वर्षी, एका काळ्या शंकूच्या उतारावर बूड टेकून बसले तेव्हा समजला.

आपल्याकडं साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा आला, तो डोंगराच्या तोंडातून उडालाच नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून तो वर येऊन पसरला. एक थर, तो निवला की त्याच्यावर दुसरा, मग तिसरा. गुऱ्हाळात काहिलीतला पाक वाफ्यात ओतल्यावर सगळीकडं सारखा पसरतो, तसा. आजसुद्धा हे थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहेत आणि सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. आपण कोल्हापूरकर तर या चादरीच्या दक्षिण काठाला राहतो. बेळगावकडं जाऊ तसा थर पातळ होत जातो. पुस्तकात ‘डेक्कन ट्रॅप’ असतं त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, ‘पायरी’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून तो आला. गायमुखाच्या बाजूनं जोतिबाकडं बघा. डोंगराच्या अंगावर आडव्या पायऱ्या दिसतील. एकेक पायरी म्हणजे थरांची कड.

मग डोंगर सुटा आणि निमुळता का? कारण बाकीचं पावसानं नेलं. एकेकाळी जोतिबा, पन्हाळा, पल्याडचा सह्याद्री सगळं सलग होतं. ओढ्यानाल्यांनी मधलं खाल्लं आणि हे तुकडे राहिले. म्हणजे जोतिबाचा आकार आगीनं दिलेला नाही, पाण्यानं कोरलेला आहे. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा, मसाई पठारावरचा जांभा तर पाण्याचीच करणी. ऊन-पावसात काळा दगड लाखो वर्षं कुजला, त्यातलं विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि मागं लोखंड-अ‍ॅल्युमिनियमचा तांबडा, जाळीदार दगड उरला.

पिनाकातेत याच्या बरोबर उलट. गगनबावड्याला एका पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. तिथं आख्ख्या वर्षात दोनशेच्या आत, आणि वाळूच्या बाजूला त्याहूनही कमी. त्यामुळं हजारो वर्षांपूर्वी जे जसं पडलं ते तसंच आहे. शंकू अजून शंकू आहे. माथ्यावरची वाटी अजून वाटी आहे. लाव्हाची जीभ जिथं थांबली तिथं तिची कड अजून कमरेएवढी उभी आहे, जणू आत्ता कुणी दगडी गडगा रचून गेलंय. मी आयुष्यभर फळ्यावर ज्वालामुखी काढला, वर निमुळता, मध्ये नळी, तोंडातून धूर, आणि पोरांना सांगितलं की असला डोंगर आपल्याकडं नसतो. पण असतो तरी कसा, तो हाताला कसा लागतो, हे मला कुठं माहीत होतं?

तर सांगते कसा लागतो. पुस्तकात त्याला ‘राखेचा शंकू’ म्हणतात. राख नाहीच ती. चिंचोक्यापासून नारळापर्यंत आकाराची सच्छिद्र, खरबरीत खडी. वीटभट्टीत जास्त भाजून काळीनिळी, फुगलेली वीट निघते, तिला आपल्याकडं खंगर म्हणतात. हुबेहूब खंगर. लाव्ह्यात वायू कोंडलेला असतो. तो सुटताना लाव्हाचे शिंतोडे हवेत उडतात, वरच्यावर थिजतात आणि तोंडाभोवती पडून रास होते. मार्केट यार्डात शेंगांची रास बघा, कितीही ओता, उतार तेवढाच राहतो. या डोंगराचं तेच. तीस-बत्तीस अंशांचा उतार, त्याहून चढा होऊ शकत नाही, खडी घरंगळते. म्हणून चढताना तीन पावलं वर टाकली की दोन खाली येतात. आपल्या सह्याद्रीत दम छातीला लागतो. तिथं आधी पोटऱ्या बोलतात.

एवढ्या लांब कशाला जायचं, म्हणता? जोतिबा म्हणजे म्हातारा, सुरकुतलेला चेहरा. त्याच घराण्यातलं तान्हं मूल बघायचं असेल तर जावं. नसेल बघायचं तर चैत्र यात्रा आहेच, सासनकाठ्या काही पिनाकातेत निघत नाहीत.

आम्ही दोघं सत्तरीच्या उंबरठ्यावर आहोत. मुलगा फिनिक्सला असतो. गुडघे तक्रार करतात. आम्हाला झेपेल का? जायचं कसं आणि खर्चापेक्षा त्रास किती?
(निवृत्त जोडपं, रुईकर कॉलनी)

झेपेल. पण सगळं नाही.

फिनिक्सहून गाडीनं दक्षिणेला निघायचं. आखो नावाचं खाणीचं जुनं गाव लागतं, मग ‘व्हाय’ नावाचं एक गाव. गावाचं नाव ‘का?’ कारण तिथं पूर्वी दोन रस्ते इंग्रजी वायच्या आकारात मिळायचे. भाचेसूनच गाडी चालवत होती. मी तिला तीनदा विचारलं, आता कुठं आलो, आणि तिन्ही वेळा ती ‘का’ म्हणाली. पुढं ऑर्गन पाइप कॅक्टसचं राष्ट्रीय स्मारक ओलांडलं की लुकव्हिलची सरहद्द. हे नाकं चोवीस तास उघडं नसतं. सकाळी सहाला उघडतं आणि रात्री आठला बंद. पलीकडं सोनोयता गाव आणि तिथून समुद्राकडं जाणारा ८ नंबरचा महामार्ग. संरक्षित क्षेत्र त्याच्या उजव्या हाताला.

तुमच्याकडं अमेरिकेचा अनेक प्रवेशांचा व्हिसा चालू असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, पण नियम बदलतात, निघायच्या आठवड्यात वकिलातीच्या संकेतस्थळावर बघा. अमेरिकेतला गाडीचा विमा पलीकडं चालत नाही, मेक्सिकोचा वेगळा काढावा लागतो. मुलाला आठवण करा. ही पोरं हॉटेलचं बुकिंग सहा महिने आधी करतात आणि विम्याचं नाक्यावर आठवतं. सरहद्दीच्या भागात अंधारात गाडी हाकायची नाही, प्रवासाच्या सूचना वाचायच्या. आम्ही चारही दिवस सूर्य मावळायच्या आत जागेवर होतो.

तुम्ही दोघांनी मात्र तंबू वगैरेच्या फंदात पडू नये. महामार्गालगत शुक तोआक नावाचं माहिती केंद्र आहे, लाव्हाच्या काळ्या पसाऱ्यातच बांधलेलं. तिथं लाव्हा जवळून बघता येतो, सावली आहे, बसायला जागा आहे. दुसऱ्या दिवशी उंच चाकांची गाडी घेऊन आतल्या कच्च्या रस्त्यानं ‘एल एलेगांते’पर्यंत जा. हे तिथलं सगळ्यात देखणं विवर, नावाचा अर्थही तोच, डौलदार. गाडीतून उतरून काठावर जायला काही मिनिटं पुरतात, गुडघ्यांना कळणारसुद्धा नाही. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. दुपारी उन्हात विवराच्या भिंती सपाट दिसतात. तिरप्या उन्हात एकेक थर उठून येतो.

नोव्हेंबर ते मार्चच्या बाहेर विचारच करू नका. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि काळा दगड त्याहून कितीतरी तापतो. उलट जानेवारीत रात्री इतकी थंडी पडते की मी लोकरीची टोपी, मफलर आणि वर शाल घेऊन झोपले, तरी पहाटे दातखीळ.

पाणी आत कुठंही मिळत नाही. नळ नाही, दुकान नाही, ओढा नाही. चालणाऱ्या माणसाला दिवसाला निदान चार लिटर, आणि गाडीत त्याहून वेगळा साठा. आम्ही तिघांसाठी साठ लिटर नेलं होतं. भाचा हसला होता. परत येताना हसत नव्हता.

त्रास किती, हे विचारलंत. प्रवासाचा आहे, चालण्याचा नाही. खायला भडंग न्या, दोन दिवस टिकतं आणि चूल पेटवावी लागत नाही. सोनोयतात मक्याच्या गरम टॉर्टिया मिळाल्या, त्यात आपली कांदा-लसूण चटणी घातली, तर भाचेसून म्हणाली, ‘मावशी, हे इथल्या लोकांना कळलं तर तुम्हाला सोडणार नाहीत.’

कोल्हापुरी चप्पल घालून गेलं तर चालेल का? आमचा एक मित्र पैज लावतोय.
(तिघे मित्र, शिवाजी पेठ)

मित्राला पाठवा.

गंमत सोडा. लाव्हा दोन तऱ्हेनं थिजतो. एक गुळगुळीत, दोरखंडाच्या पिळासारखा. त्यावरून चप्पल चालेलही. दुसरा म्हणजे फुटक्या कौलांचा ढीग, प्रत्येक कड काचेसारखी. याला भूशास्त्रात ‘आआ’ म्हणतात, हवाई बेटांवरचा शब्द आहे. माझे जाड तळव्याचे नवे बूट चार दिवसांत पाच वर्षं वापरल्यासारखे झाले.

आणि निवडुंग. चोया नावाचं एक निवडुंग आहे. लांबून इतकं मऊ, सोनेरी, लोकरीचं दिसतं की लहान मूल मिठी मारायला जाईल. नुसतं निसटतं लागलं तरी त्याचं आख्खं कांडं तुटून अंगाला चिकटतं. तिथले लोक म्हणतात ते उडी मारतं. काट्यांना उलटी कुसं असतात. बोटांनी काढायला गेलात तर बोटंही अडकली. उपाय एकच, फणी. काटे आणि कातडी यांच्यामध्ये फणी घालायची आणि एक झटका द्यायचा. माझ्या पोटरीला लागलं तेव्हा भाचेसुनेनं पर्समधून फणी काढली आणि मी इथं छापता येणार नाही असा एक शब्द उच्चारला. ती म्हणाली, ‘मावशी, तुम्ही शिक्षिका होता ना?’

बाई, तुम्ही त्या मोठ्या विवरात खाली उतरलात का? आणि चंद्रावर जाणारे लोक तिथं आले होते हे खरं आहे का? लोणारसारखंच आहे का ते?
(नववीतली मुलगी, गडहिंग्लज)

तुझं पत्र वहीच्या रेघांच्या कागदावर आहे आणि तीन प्रश्नांना तीन वेगळ्या रंगांची शाई आहे. म्हणून तुला जास्त जागा.

खाली उतरले नाही. मनाई आहे, आणि ती असावी. भिंती ठिसूळ आहेत, शिवाय तळाशी जे आहे ते हजारो वर्षं कुणाच्या पायाखाली आलेलं नाही. मी काठावर पालथी पडून डोकं तेवढं पुढं काढलं. आधी वारा ऐकू आला, मग खालून एका पक्ष्याचा आवाज, पण पक्षी काही दिसला नाही. दीड किलोमीटरच्या वर रुंद, दोनशे मीटरहून जास्त खोल. खालची झुडपं मोहरीएवढी दिसत होती.

आता हे झालं कसं? आई फोडणी करत असताना कढईत चुकून पाणी पडलं तर काय होतं, तू बघितलं असशील. तडतडून तेल घरभर. इथं तेलाच्या जागी हजार अंशांचा लाव्हा होता आणि पाणी होतं जमिनीखालच्या ओल्या थरांतलं. पाण्याची एकदम वाफ झाली, वाफेला जागा पुरली नाही, वरची जमीन उडाली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. अशा विवराला ‘मार’ म्हणतात. पिनाकातेत अशी दहा मोठी, जवळजवळ गोल विवरं आहेत. शंकू म्हणजे बाहेर पडलेल्या मालाची रास आणि मार म्हणजे आतून उडालेल्या जमिनीचा खड्डा. काठावर बसून समोरच्या भिंतीकडं पाहिलं तर आधीच्या लाव्हाचे थर केकच्या तुकड्यासारखे कापलेले दिसतात.

लोणारही गोल आहे आणि मोठंही, सुमारे १.८ किलोमीटर. पण ते वरून झालं, उल्का पडून. याचा धक्का खालून, त्याचा वरून. नुसत्या आकारावरून फसायला होतं आणि भले भले फसलेत. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात एक प्रसिद्ध विवर आहे. १८९१ मध्ये गिल्बर्ट नावाच्या त्या काळच्या अव्वल भूशास्त्रज्ञानं ते तपासलं आणि निकाल दिला की वाफेच्या स्फोटानं झालं. ते निघालं उल्केचं. परीक्षेत चुकलीस की हे आठवायचं, पण मला सांगायला यायचं नाही.

चंद्राचं खरं आहे. १९६५ ते १९७० या काळात अमेरिकेच्या अपोलो मोहिमांचे अंतराळवीर पिनाकातेत सरावाला आले होते. चंद्रावर गेल्यावर दगड ओळखता यावेत, कुठला उचलायचा आणि कुठला सोडायचा हे कळावं म्हणून. म्हणजे त्यांचीही भूगोलाची सहलच की. त्यांचेही कुणीतरी बाई नाहीतर सर असणारच, ‘अरे, रांगेत चला’ म्हणणारे.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी सांगते. पिनाकाते हे एका काळ्या भुंग्याचं नाव. मूळ शब्द आस्तेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतला. हा भुंगा डिवचला की डोक्यावर उभा राहतो, मागची बाजू वर करतो आणि घाण वासाचा फवारा सोडतो. आमच्या तंबूत एक शिरला होता. भाच्यानं त्याला चपलेनं हलवलं. ती चप्पल पुढं गाडीच्या टपावरून प्रवास करत होती.

शिखरावर पोचलात का? लेखात त्याबद्दल काहीच नाही, म्हणून विचारतो. आम्ही दरवर्षी पन्हाळा–पावनखिंड करतो.
(ट्रेकर, कदमवाडी)

पकडलंत. नाही पोचले.

शिखर म्हणजे सांता क्लारा, सुमारे १२०० मीटर. आकडा ऐकून तुम्ही हसाल, पण ते जवळजवळ समुद्रसपाटीपासून उठलेलं आहे, आणि पावनखिंडीच्या वाटेवर जुलैत पाण्याची जी ददात नसते ती इथं पूर्ण आहे. आम्ही कोनो रोहो म्हणजे ‘तांबडा शंकू’ या मुक्कामाच्या जागेवरून सकाळी सातला निघालो. नियम ठरला होता : अर्धं पाणी संपलं की जिथं असू तिथून मागं. साडेअकराला भाच्यानं पिशवीत हात घातला आणि त्याच्या दोन बाटल्या गाडीतच राहिल्याचं कळलं. शिखर समोर दिसत होतं. अगदी दिसत होतं. ‘मावशी, एवढं आलोय तर जाऊया की!’ भाचेसून काही बोलली नाही, तिनं फक्त तिघांच्या बाटल्या दगडावर ओळीनं मांडल्या. त्या बघून मीच वळले. त्याचा राग दुपारी तीनपर्यंत टिकला. तीनला गाडीशी पोचलो आणि त्यानं एका दमात दीड लिटर प्यायलं.

जिथून परतलो तिथून पश्चिमेला वाळूचा पिवळा पट्टा दिसत होता, कोलोरॅडो नदीनं आणून टाकलेल्या वाळूचा. त्यात दोनशे मीटरपर्यंत उंच, ताऱ्याच्या आकाराच्या टेकड्या आहेत. समुद्र मात्र दिसला नाही. तो दिसला होता किनोला. एउसेबिओ किनो हा जेझुइट पाद्री १६९८ मध्ये या डोंगरावर चढला आणि वरून त्यानं कॅलिफोर्नियाचं आखात उत्तरेकडं कसं निमुळतं होत जातं ते पाहिलं. कॅलिफोर्निया हे बेट आहे असं तेव्हा युरोपातले नकाशे सांगत. किनोच्या या आणि पुढच्या फेऱ्यांतून ते बेट नसून द्वीपकल्प असल्याचं नक्की झालं. तुम्ही गडांवरून फिरणारे, म्हणून तुम्हाला ओळख पटेल असं सांगते : १६९८ म्हणजे जिंजी पडली आणि राजाराम महाराज विशाळगडावर परत आले ते साल.

आपल्याला गडावर गेलं की आधी टाकं शोधायची सवय. पिनाकातेतही टाकी आहेत, पण खोदलेली नाहीत. खडकातल्या नैसर्गिक कुंडात पावसाचं पाणी साठतं, त्याला तिनाहा म्हणतात. ओओधाम या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या जुन्या पायवाटा एका तिनाहापासून दुसऱ्यापर्यंत जात. मीठ आणायला समुद्राकडं जाणारी त्यांची वारी याच वाटांनी चाले. त्यांच्या श्रद्धेप्रमाणं इइतोई, म्हणजे त्यांना घडवणारा थोरला भाऊ, त्याचं एक घर या डोंगरात आहे. त्या तिनाहातलं पाणी आपण घ्यायचं नाही. रानमेंढ्यांचं आणि पाखरांचं आहे ते. एका कुंडात ओंजळभर हिरवं पाणी होतं आणि काठाच्या चिखलात खुरांचे ठसे. माझ्या बाटलीत त्या वेळी अर्धा लिटर उरलं होतं, तरी मला ते ठसे बघून माझीच लाज वाटली. का ते सांगता येणार नाही.

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी तिथल्या लाव्हाचा एखादा नमुना मिळेल का? मुलांना हातात देऊन दाखवायचा आहे.
(भूगोल शिक्षक, कागल)

सर, हेतू चांगला आहे, पण मिळणार नाही. या क्षेत्राला १९९३ पासून जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा आहे, २०१३ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. क्षेत्रफळ सात हजार चौरस किलोमीटरच्या वर, आपल्या जिल्ह्याहून थोडंच कमी. तिथून खडा उचलणंही गुन्हा. एका खड्यानं काय होतं, हे मीही मनात म्हणाले होते. मग पायाखाली बघितलं. कित्येक ठिकाणी वाऱ्यानं माती उडून जाऊन वर खड्यांची फरसबंदी तयार झालेली आहे, कुणी चापूनचोपून बसवल्यासारखी. त्यातला एक काढला तर खालची फिकट माती उघडी पडते आणि ती खूण माणसाच्या आयुष्यात बुजत नाही. तिकडंच कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात दुसऱ्या महायुद्धातल्या सरावाच्या रणगाड्यांचे पट्टे अजून दिसतात.

मुलांना दाखवायचं असेल तर पन्हाळ्याच्या वाटेवर न्या. रस्ता करताना डोंगर कापलाय तिथं दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठं कुठं विटकरी रंगाची पट्टी दिसते. एक थर निवला, त्याच्यावर माती झाली, आणि मग वरून पुढचा लाव्हा आला, त्याच्या खाली ती माती भाजून निघाली. त्या पट्टीवर मुलांना हात ठेवू दे. काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसले तर ते वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पुढं भरलेले खनिजाचे दाणे आहेत. पिनाकातेत ते बुडबुडे अजून रिकामे आहेत, एवढाच वयाचा फरक.

आता एक कबुली. कोल्हापुरात आल्यावर बूट घासायला घेतले, तर तळव्याच्या खाचेत दोन खडे रुतलेले सापडले. वाटाण्याएवढे, एक काळा, एक तांबूस. नाक्यावर कुणी बूट उलटे करून बघितले नाहीत आणि मलाही सुचलं नाही. वाटीभर पाण्यात टाकून पाहिले. भोकं एवढी, पण बुडतात. तरंगतो तो प्युमिस नावाचा ज्वालामुखीचा दगड, हा नव्हे. शाळेला देणार नाही, मग प्रत्येक शाळेला हवे होतील. रविवारी दहानंतर चार-पाच मुलांना घेऊन घरी या. माझं भिंग मात्र फुटलंय, शाळेचं घेऊन या.